घरच्या घरी व्हिएतनामी फो : कोंबडीच्या नितळ रश्श्याची कृती

व्हिएतनामच्या ज्या नूडल्सच्या सुपाला आपण 'फो' म्हणतो, त्याचे नाव मराठीत लिहायला अवघड आणि उच्चारायला सोपे आहे. रोमन लिपीतले स्पेलिंग पाहून आपण ओकार लावतो आणि या लेखातही तेच रूढ रूप ठेवले आहे. परंतु व्हिएतनामी माणसाच्या तोंडून ऐकल्यास तो स्वर आपल्या लांबवलेल्या 'अ'च्या जवळचा वाटतो आणि शब्द संपताना प्रश्न विचारल्यासारखा सूर वर जातो : 'फऽ?'

या पदार्थाला लागणारे बहुतेक जिन्नस मराठी घरात असतातच. अडचण येते ती हाताच्या सवयीची. आपला रस्सा म्हणजे भर घालत जाण्याचे काम असते : आधी फोडणी, मग वाटण, मग हळद, तिखट, मसाला. फोचा रस्सा मात्र काढत जाण्याने बनतो. फेस काढायचा, हाडे काढायची, मसाल्याची पुरचुंडी वेळेवर काढायची आणि शेवटी पातेल्यात तळ दिसेल असे सोनेरी पाणी उरायला हवे. मी पहिल्यांदा फो केला तेव्हा सवयीने कोंबडी कुकरला लावून पाच शिट्ट्या केल्या. चव वाईट नव्हती, पण झाकण उघडल्यावर आत जे दिसले ते वरणाच्या पाण्यासारखे गढूळ होते. कोल्हापूरकडे मटण शिजवताना जे अळणी पाणी काढून वाटीत प्यायला देतात ते ज्यांनी चाखले आहे, त्यांना फोचा रस्सा कोणत्या जातीचा आहे हे लवकर कळेल.

कोणता फो करावा

फोचा जन्म उत्तर व्हिएतनाममध्ये, फ्रेंच अमदानीत, साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. हनोई शहर आणि त्याच्या आग्नेयेचा नाम दिन्ह परिसर ही त्याची दोन घरे मानली जातात. सुरुवातीचे विक्रेते खांद्यावर कावड घेऊन फिरत. एका टोकाला विस्तवावरचे रश्श्याचे भांडे आणि दुसऱ्या टोकाला नूडल्स, मांस आणि वाडगे असत. 1954 साली देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत गेले आणि त्यांच्याबरोबर फो सायगावात स्थिरावला. तिथे रस्सा थोडा गोडसर झाला आणि सोबत मोड आलेले मूग, तुळशीच्या कुळातली पाने आणि गोड-तिखट सॉस यांचे भरलेले ताट आले. हनोईचा वाडगा तुलनेने साधा राहिला. नवशिक्याने हनोईच्या वळणाने सुरुवात करावी, कारण त्यात रश्श्यातले दोष लपत नाहीत आणि त्यामुळे हात लवकर तयार होतो.

गोमांसाचा तो 'फो बो' आणि कोंबडीचा तो 'फो गा'. मूळ पदार्थ गोमांसाचाच. 1939 च्या सुमारास हनोईत सोमवारी आणि शुक्रवारी गोमांस विकायला मनाई होती, तेव्हा विक्रेत्यांनी कोंबडीचा आधार घेतला, असे सांगतात. महाराष्ट्रात गाय-बैलांच्या कत्तलीला कायद्याने बंदी असल्यामुळे आणि गोमांसाच्या हाडांना सहा ते बारा तास आच लागत असल्यामुळे आपल्या दृष्टीने फो गा दोन्ही अंगांनी सोयीचा आहे. चार तासांत तो पुरा होतो आणि त्यातले अडीच-तीन तास पातेले आपले आपण शिजत असते.

बाजारहाट

पुढची मापे सहा वाडग्यांची आहेत. दीड किलो वजनाची एक अख्खी कोंबडी घ्यावी आणि दुकानदाराला ती कातडीसकट हवी असल्याचे आधीच स्पष्ट सांगावे, कारण आपल्याकडे न सांगता कातडी सोलून तुकडे करण्याचीच रीत आहे. कातडीशिवाय रश्श्यावर सोनेरी तवंग येत नाही. बरोबर अर्धा किलो पाय, माना आणि पाठीची हाडे घ्यावीत. ती नाममात्र दरात मिळतात. कोंबडीच्या पायांमध्ये जिलेटिन भरपूर असते आणि रश्श्याला जिभेवर जो किंचित दाटपणा जाणवतो तो त्यातूनच येतो. पायांची नखे छाटावीत आणि पिवळी साल शिल्लक असल्यास पाय गरम पाण्यात क्षणभर बुडवून ती ओढून काढावी.

गावरान कोंबडी मिळाली तर उत्तमच. व्हिएतनाममध्येही मोकळी हिंडलेली देशी कोंबडीच या कामाला पसंत करतात. मात्र ती शिजायला दीड तासापर्यंत वेळ घेते. शिवाय आपल्याकडे गावरान कोंबडीला हळद चोळून आचेवर भाजून देतात. ती हळद रश्श्यात उतरली की रंग आणि वास दोन्ही बिघडतात, म्हणून बिनहळदीची मागावी.

नूडल्स तांदळाच्याच हव्यात. व्हिएतनामीत त्यांना 'बान्ह फो' म्हणतात. त्या चपट्या, साधारण तीन ते पाच मिलिमीटर रुंदीच्या असतात. सुक्या नूडल्स माणशी 80 ग्रॅम, म्हणजे एकूण सुमारे 500 ग्रॅम लागतात. पाकिटावर 'राइस नूडल्स' किंवा 'राइस स्टिक' असे लिहिलेले असते, तरी घटक वाचूनच घ्यावे. हक्का नूडल्स मैद्याच्या असतात आणि या रश्श्यात त्यांचे काही काम नाही. आपल्या तांदळाच्या शेवया फार बारीक असतात आणि गरम रश्श्यात लगेच विरतात.

आता फिश सॉस. व्हिएतनामी 'नुओक माम' हा मासे आणि मीठ कित्येक महिने मुरवून गाळलेला अर्क असतो. फू क्वॉक बेट आणि फान थिएत ही त्याची नावाजलेली ठिकाणे आहेत. त्यासाठी वापरतात ते छोटे अँकोव्ही मासे आपल्या मांदेलीच्या कुळातले. बाटली पहिल्यांदा उघडल्यावर येणारा वास कोळीवाड्यात किंवा कोकणात सुकी मासळी खात वाढलेल्या माणसाला परका वाटणार नाही. इतरांनी खिडकी उघडावी आणि धीर धरावा, कारण रश्श्यात मिसळल्यावर तो वास मागे सरतो आणि खारट गोडवा उरतो. काही बाटल्यांवर '40 एन' असा आकडा असतो. तो एका लिटरमधील नायट्रोजनचे ग्रॅममधले प्रमाण दाखवतो. आकडा जितका मोठा तितका अर्क कसदार. मोठ्या शहरांतल्या दुकानांत थाई फिश सॉस अधिक सहज मिळतो आणि त्यावर काम उत्तम भागते.

याखेरीज तीन मोठे कांदे (दोन भाजायला, एक कच्चा चिरायला), 75 ग्रॅम आले, एक मोठा चमचा धणे, दोन चक्रीफुले, बोटाच्या दोन पेरांएवढा दालचिनीचा तुकडा, तीन लवंगा, खडीसाखर, पातीचा कांदा, कोथिंबीर, कागदी लिंबे, हिरव्या किंवा लाल ताज्या मिरच्या आणि मिरपूड एवढेच लागते. चक्रीफूल आपल्या गोड्या मसाल्यातले परिचित आहे. व्हिएतनाममध्ये ते उत्तरेकडच्या लांग सोन प्रांतात पिकते. मसाला वेलची गोमांसाच्या फोमध्ये घालतात, पण तिचा धुरकट वास कोंबडीला जड होतो, म्हणून येथे ती वगळावी.

हाडे, फेस आणि आच

पाय, माना आणि पाठीची हाडे पातेल्यात घेऊन ती बुडतील एवढे गार पाणी घालावे आणि मोठ्या आचेवर खळखळून उकळी आणावी. पाच मिनिटांत पृष्ठभागावर करडा, चिकट फेस जमतो. हे सगळे पाणी निःसंकोच ओतून द्यावे, हाडे नळाखाली एकेक चोळून धुवावीत आणि पातेलेही घासून घ्यावे. पहिल्या उकळीचे पाणी फेकताना चांगल्या मराठी गृहिणीचा हात थबकतो, कारण 'कस वाया जातो' असे आपल्याला वाटते. या पाच मिनिटांत कस फारसा उतरलेलाच नसतो. सुटते ते मुख्यतः रक्त आणि ज्यामुळे रस्सा करडा होतो तो गाळ.

अख्ख्या कोंबडीला बाहेरून आणि पोटात जाडे मीठ चोळून ती स्वच्छ धुवावी. धुतलेली हाडे तळाला, त्यांवर छातीची बाजू खाली करून कोंबडी, आणि वर चार लिटर पाणी असे मोठ्या पातेल्यात लावावे. आच मध्यम ठेवावी. पाणी उकळायच्या बेताला आले की आच अगदी बारीक करावी आणि त्यानंतर पातेल्यावर झाकण घालू नये.

फोचे यश ठरते ते इथे, म्हणून आचेबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. पाणी खळखळले की कोंबडीची चरबी बारीक कणांत फुटून पाण्यात मिसळते, प्रथिनांचा गाळ तिला धरून राहतो आणि रस्सा दुधाळ होतो. एकदा तो दुधाळ झाला की गाळून निवळत नाही. आच योग्य असेल तर पातेल्याच्या एकाच बाजूने, एका ठरावीक जागेवरून, दोन-दोन सेकंदांनी एखादा बुडबुडा वर येतो आणि बाकीचा पृष्ठभाग नुसता थरथरतो. असा बुडबुडा दिसेपर्यंत गॅसची कळ पुढे-मागे करत राहावी. सर्वांत लहान बर्नरवरही पाणी उसळत असेल तर पातेल्याखाली जाड तवा ठेवावा. पहिली वीस मिनिटे पातेल्यापाशीच थांबून कडेला जमणारा फेस झाऱ्याने अलगद उचलावा. रस्सा ढवळू मात्र नये.

ब्रॉयलर कोंबडीला अशा आचेवर 30 मिनिटे पुरतात. मग गॅस बंद करून, झाकण ठेवून ती आणखी 15 मिनिटे त्याच पाण्यात राहू द्यावी. मांडीच्या सांध्यात सुरीचे टोक खुपसल्यावर येणारा रस लालसर नसून स्वच्छ असावा; थर्मामीटर असेल तर मांडीच्या जाड भागात 74 अंश सेल्सियस दिसले पाहिजे. कोंबडी बाहेर काढून लगेच बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवावी. त्यामुळे कातडी ताणून घट्ट, किंचित करकरीत होते आणि मांसाचे काप सुबक पडतात.

गार झाल्यावर छाती आणि मांड्यांचे मांस कातडीसकट सोडवून झाकून फ्रीजमध्ये ठेवावे. उरलेला सांगाडा मोडून पुन्हा पातेल्यात टाकावा आणि त्याच मंद आचेवर दीड ते दोन तास राहू द्यावा. मांस नेमके शिजल्यावर काढल्यामुळे ते चिवट होत नाही आणि हाडांचा कस उतरायलाही वेळ मिळतो.

कुकर वापरायचाच असेल तर मांस सोडवल्यानंतरच्या या टप्प्यावर वापरावा. वाफ धरली की आच एकदम बारीक करून एकही शिट्टी होऊ न देता 40 मिनिटे ठेवावे आणि कुकर आपोआप निवू द्यावा. शिट्टी होते तेव्हा आतला दाब झटकन उतरतो आणि पाणी उसळते. माझ्या त्या पहिल्या फोचे वरण झाले ते यामुळेच.

भाजलेला कांदा, भाजलेले आले

भरताचे वांगे ज्या जाळीवर भाजतो त्याच जाळीवर कांदे सालीसकट आणि आले अख्खे ठेवून थेट ज्योतीवर भाजावे. चिमट्याने फिरवत राहिल्यास दहा-बारा मिनिटांत कांद्याची वरची साल कोळशासारखी काळी होते, देठाकडून रस फेसाळत बाहेर येतो आणि दाबल्यावर कांदा मऊ लागतो. आल्याला वेळ जरा जास्त लागतो. साल तडकून खालचा भाग पिवळाधमक दिसला आणि तिखट वासाची जागा गोडसर वासाने घेतली की ते झाले. निवल्यावर जळकी साल बोटांनी आणि सुरीच्या पाठीने काढून टाकावी, लागल्यास पाण्याखाली धरावे; एखादा तपकिरी डाग राहिला तरी चालतो, काळा राहिला तर रस्सा कडवट होतो. आल्याचे लांब काप करून ते ठेचावेत. वाटणासाठी कांदा-खोबरे भाजणाऱ्यांना हा वास ओळखीचा वाटेल, पण हे भाजलेले जिन्नस वाटायचे नाहीत. तसेच अख्खे रश्श्यात सोडायचे आहेत.

सांगाडा पातेल्यात परत टाकताना कांदा आणि आले बरोबरच सोडावे. धणे, चक्रीफूल, दालचिनी आणि लवंगा कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत, म्हणजे दोनेक मिनिटे, भाजून मलमलच्या फडक्यात त्यांची पुरचुंडी बांधावी. ती शेवटची 40 मिनिटेच रश्श्यात ठेवावी. मसाल्याचा वास पुढे येऊन बसला तर कोंबडी हरवते आणि सूप बिर्याणीच्या यखनीसारखे लागते. शंका वाटल्यास पुरचुंडी दहा मिनिटे आधी काढावी.

गाळणे आणि चव लावणे

गॅस बंद करून रस्सा पंधरा मिनिटे स्थिर राहू द्यावा. नंतर हाडे झाऱ्याने काढून, ओले मलमल लावलेल्या गाळण्यातून रस्सा पळीपळीने गाळावा. पातेले उचलून एकदम ओतल्यास तळचा गाळ ढवळून वर येतो. सुमारे पावणेतीन लिटर रस्सा मिळायला हवा. कमी भरला तर उकळते पाणी घालून माप पुरे करावे. वर तरंगणारी चरबी पळीने एका वाटीत काढून ठेवावी, फेकू नये.

चव याच टप्प्यावर लावतात, त्याआधी मीठ घालायचे नाही. चार मोठे चमचे फिश सॉस, दोन चहाचे चमचे मीठ आणि 20 ग्रॅम खडीसाखर घालून ती विरघळू द्यावी. मग लहान वाटीत रस्सा घेऊन चाखावा. नुसता पिताना तो किंचित खारट वाटला पाहिजे, कारण नूडल्समध्ये मीठ नसते आणि वाडग्यात रस्सा त्यांच्याबरोबर खाल्ला जातो. नेमका बेताचा वाटणारा रस्सा वाडग्यात अळणी पडतो, ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक आहे. खारटपणा पुरेसा असूनही काहीतरी उणे वाटत असेल तर आणखी मीठ न घालता अर्धा चमचा फिश सॉस वाढवून पाहावा.

नूडल्स

सुक्या नूडल्स साध्या, गार पाण्यात 30 ते 40 मिनिटे भिजवाव्यात. गरम पाण्यात भिजवल्यास बाहेरचा थर लगदा होतो आणि आत कणी राहते. भिजलेली नूडल पांढरी, लवचिक आणि बोटाभोवती न तुटता गुंडाळता येईल अशी असावी. वाढायच्या वेळी दुसऱ्या पातेल्यात पाणी खळखळत ठेवावे, एका माणसापुरत्या नूडल्स दांड्याच्या गाळणीत घेऊन त्यात 15-20 सेकंद बुडवाव्यात आणि झटकून सरळ वाडग्यात टाकाव्यात. सगळ्यांच्या नूडल्स एकदम उकडून ठेवण्याचा मोह टाळावा. पाच मिनिटांत त्यांचा एक गोळा होतो. त्या रश्श्यातही शिजवू नयेत, कारण त्यांची पेज उतरून इतक्या कष्टाने नितळ राखलेला रस्सा गढूळ होतो.

वाडगा भरणे

वाडगे मोठे, निदान 900 मिलिलिटरचे असावेत आणि ते गरम पाण्याने आधी तापवून घ्यावेत. एक कांदा कागदासारखा पातळ चिरून दहा मिनिटे गार पाण्यात ठेवावा, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो. मांसाचे आडवे काप करावेत. रस्सा मात्र आता खरोखर उकळता हवा, कारण थंड मांस आणि निथळलेल्या नूडल्स त्याच्याच उष्णतेने गरम व्हायच्या असतात. वाडग्यात नूडल्स, त्यांवर मांस, कांदा, बारीक चिरलेली कांद्याची पात आणि कोथिंबीर रचावी, मिरपूड भुरभुरावी, वरून सुमारे 450 मिलिलिटर रस्सा ओतावा आणि शेवटी बाजूला ठेवलेली चरबी अर्धा चमचा सोडावी. हनोईत फो गावर लिंबाच्या झाडाच्या पानांची अगदी बारीक चीरही घालतात. कुंडीत कागदी लिंबाचे झाड असल्यास दोन कोवळी पाने मधली शीर काढून वापरावीत.

सोबत लिंबाच्या फोडी आणि मिरचीच्या चकत्या ठेवाव्यात. दक्षिणेकडची तऱ्हा आवडत असेल तर मोड आलेले मूगही ठेवता येतात, पण ते उसळीच्या मुगांसारखे आखूड मोडांचे नसून बोटभर लांब, पांढऱ्या दांड्यांचे असतात. तिकडे ताटात जी जांभळ्या दांड्याची तुळस असते तिच्या जागी आपली पूजेची तुळस चालत नाही, तिचा वास लवंगेकडे झुकतो. सब्ज्याचे रोप मात्र वनस्पतिशास्त्रीयदृष्ट्या त्याच जातीतले आहे. फालुद्यासाठी आणलेले सब्ज्याचे बी कुंडीत पेरल्यास पानांची सोय घरीच होते.

खाताना प्रथम नुसता रस्सा दोन चमचे प्यावा आणि मगच लिंबू पिळावे. उजव्या हातात चॉपस्टिक्स आणि डाव्या हातात चमचा धरण्याची पद्धत आहे. नूडल्स फुगण्याआधी वाडगा संपवायचा असतो, त्यामुळे गप्पा नंतरसाठी ठेवाव्यात.

शाकाहारी घरासाठी

व्हिएतनाममध्ये अनेक बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार टाळतात आणि त्या दिवसांसाठी 'फो चाय' हा शाकाहारी प्रकार असतो. त्याकरिता अर्धा किलो पांढरा मुळा, दोन गाजरे, पाव कोबी आणि 40 ग्रॅम सुके शिताके मशरूम अडीच लिटर पाण्यात, वरच्याप्रमाणे भाजलेला कांदा, आले आणि मसाल्याच्या पुरचुंडीसह, एक तास मंद आचेवर ठेवावे. पुरचुंडी येथेही शेवटच्या 40 मिनिटांपुरतीच. फिश सॉसऐवजी फिक्या रंगाचा सोया सॉस आणि मीठ वापरावे, आणि मांसाच्या जागी तळलेले टोफू व रश्श्यातलेच मशरूम चिरून घालावेत. मुळा एक तासापेक्षा अधिक शिजवल्यास उग्र वास सोडतो.

उरलेला रस्सा

रस्सा, मांस आणि नूडल्स नेहमी वेगवेगळे ठेवावेत. रश्श्याचे पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववावे आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकावे. तिथे तो तीन दिवस आणि फ्रीजरमध्ये दोन महिने चांगला राहतो. सकाळी झाकण काढल्यावर तो खरवसासारखा थरथरताना दिसला तर पायांनी आपले काम चोख केले असे समजावे. हनोईत फो मुळात न्याहारीलाच खातात. रात्री झोपण्यापूर्वी फक्त रस्सा तयार असला तर सकाळी नूडल्स भिजत घालून अर्ध्या तासाने रश्श्याला खळखळून उकळी आणायची, एवढेच काम उरते.